नांवाचें लिंग

मनुष्याच्या नांवावरून तो पुरुष कीं स्त्री हें ओळखतां आलेंच पाहिजे काय? वरवर पाहतां हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला शोभणारा आहे. परंतु २००८ सालीं जर्मनीच्या घटना-न्यायालयास त्याचा गंभीरपणें निकाल द्यावा लागला, आणि ज्या नांवावरून हा वाद तेथवर पोंचला तें आपल्या घरोघरचें ‘किरण’ हें नांव होतें. भारतीय वंशाशीं नातें असलेल्या एका कुटुंबानें आपल्या कन्येचें नांव किरण ठेविलें. नोंदणी-अधिकाऱ्यानें तें एकटें नांव लिहून घेण्याचें नाकारलें. या नांवावरून मूल मुलगा आहे कीं मुलगी हें कळत नाहीं, सबब लिंग स्पष्ट करणारें दुसरें एखादें नांव जोडा, असें त्याचें म्हणणें. जर्मनींत ही जुनी व दृढ वहिवाट होती. न्यायालयानें मात्र कन्येच्या बाजूनें कौल दिला. मुलाचें नांव निवडण्याचा हक्क आईबापांचा आहे. त्या हक्कास मर्यादा घालावयाची ती मुलाच्या हिताचीच. आणि केवळ नांवावरून लिंग कळत नाहीं एवढ्यानें मुलाचें अहित होतें असें म्हणतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे.

हा निकाल परदेशचा असला तरी त्यांतला प्रश्न आपल्या दाराशीं आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं एके काळचीं साष्टींतलीं खेडीं. रेल्वेनें तीं मुंबईच्या जवळ आणलीं. पुढें १९५० सालीं जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईंत आला. फाळणीनंतर पंजाब व सिंध या प्रांतांतून निराश्रित झालेलीं कुटुंबें मुलुंडास येऊन वसलीं. घाटकोपर गुजराती कुटुंबांनीं गजबजलें. दक्षिणेंतले आणि बंगालचे लोक नोकरीधंद्यानिमित्त आले. आणि या सर्वांच्या आधींपासूनचे मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपल्या जुन्या गांवठाणांत आहेतच. अशा ठिकाणीं महाविद्यालयाचा हजेरीपट वाचणें म्हणजे अर्ध्या हिंदुस्थानचा प्रवास होय. त्या पटावर ‘स्नेहल’ असें नांव आलें, तर मराठी कान मुलीच्या आवाजाची वाट पाहतो आणि उत्तर पुष्कळदां एखाद्या गुजराती मुलाचें येतें. ‘सुमन’ म्हटल्यावर बंगाली मुलगा उठून उभा राहतो. नांव तेंच, अक्षरें तींच, अर्थहि तोच. मग लिंग मात्र प्रांताप्रांतास कां बदलावें?

प्रथम ‘किरण’ याच शब्दाकडे पाहूं. संस्कृतांत हा शब्द पुल्लिंगी आहे, आणि त्यास अनुसरून महाराष्ट्रांत तो मुलाचें नांव झाला. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही कादंबरी लिहिणारे किरण नगरकर, यष्टिरक्षक किरण मोरे हे सर्वांच्या परिचयाचे. बंगालमध्यें किरणशंकर रॉय हे राजकारणी पुरुष होऊन गेले. परंतु पंजाबांत जन्मलेल्या किरण बेदी १९७२ सालीं भारतीय पोलीस सेवेंत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री. आणि २००६ चें बुकर पारितोषिक मिळविणाऱ्या कादंबरीकार किरण देसाई याहि स्त्रीच. महाराष्ट्रांतहि किरण नांवाच्या मुली कांहीं थोड्या नाहींत. आयर्लंडच्या मनुष्यास हेंच नांव ऐकून ‘कीरन’ या आपल्याकडील प्राचीन साधूंच्या नांवाचें स्मरण होईल आणि तो त्यास निःशंकपणें पुरुषाचें नांव म्हणेल; वस्तुतः त्या नांवाचा आपल्या सूर्यकिरणांशीं कांहींएक संबंध नाहीं. म्हणजे नांवाचें लिंग शब्दांत नसतें. तें ऐकणाराच्या संवयींत असतें. ही संवय कशी घडते याचा थोडा इतिहास महाराष्ट्रापुरता तरी सांगतां येण्याजोगा आहे.

आपल्या पूर्वजांस ही अडचण फारशी भासली नाहीं, याचें कारण त्यांचीं नांवें क्वचितच उघडीं असत. नांवाचा मूळ धातु एकच असे आणि त्यास मागून जोडलेला उपपद-प्रत्यय लिंगाचा निर्णय करी. रामोश्यांचा बंडवाला नायक उमाजी, आणि सेनापति खंडेराव दाभाडे यांच्या मागें दाभाड्यांची दौलत संभाळणाऱ्या उमाबाई. शिवरायांचा सोबती येसाजी कंक, आणि संभाजीमहाराजांची राणी येसूबाई. होळकरांचा तुकोजी, आणि शहाजीराजांची दुसरी पत्नी तुकाबाई. डॉ. आंबेडकरांच्या घरीं तर एकच नांव आईपासून मुलाकडे आलेलें दिसतें: आई भीमाबाई, पुत्र भीमराव. ‘उमा’, ‘येसू’, ‘तुका’, ‘भीमा’ यांना स्वतःचें असें पक्कें लिंग नव्हतें म्हटलें तरी चालेल. ‘जी’ व ‘राव’ लागले कीं पुरुष, ‘बाई’ लागली कीं स्त्री, असा तो सुटसुटीत कारभार होता.

परंतु हे प्रत्यय केवळ लिंगच सांगत नसत, ते पायरीहि सांगत. कोणास राव म्हणावें, कोणास पंत, कोणास शेट, याचे अलिखित पण कडक नियम होते. कोरेगांव भीमा येथें १ जानेवारी १८१८ रोजीं झालेल्या लढाईंतल्या मृतांचीं नांवें तेथील स्तंभावर कोरलेलीं आहेत. त्यांत ‘नाक’ या प्रत्ययानें संपणारीं नांवें वाचतांच तीं महार शिपायांचीं आहेत हें जाणत्यास कळतें. लिंगाचा निर्देश करण्याची जी सोय, तीच जातीचा निर्देश करण्याचीहि सोय होती. म्हणून विसाव्या शतकांत हे प्रत्यय हळूहळू गळून पडले आणि नांवें उघडीं राहिलीं, तेव्हां आपण एक सोय गमावली हें खरें. पण त्या सोयीबरोबर एक जोखडहि गेलें, हें विसरतां कामा नये. पटावरचा ‘किरण’ मुलगा कीं मुलगी हें आज कळत नसेल. पण तो कोणत्या पायरीवरचा हेंहि त्या नांवावरून कळत नाहीं, आणि हा कांहीं लहानसहान लाभ नव्हे.

स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडली. जुन्या काळीं मुलीचें नांव हें तिचें कायमचें धन नव्हतें. झांशीच्या राणीचें माहेरचें नांव मणिकर्णिका. लक्ष्मीबाई हें सासरचें. वैद्यकीची पदवी घेणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) माहेरीं यमुना होत्या. नांव बदलत होतें, पण ‘बाई’ टिकत होती. पुढें शाळा, पदवी, नोकरी आणि रंगभूमि यांमुळें स्त्रीचें नांव सार्वजनिक झालें व तें एकच राहणें अवश्य ठरलें. हिराबाई बडोदेकर यांच्या पिढींत गायिकेच्या नांवास ‘बाई’ लागल्याशिवाय चालत नसे. १९२६ सालीं जन्मलेल्या गायिका मात्र नुसत्या ‘माणिक वर्मा’ म्हणून महाराष्ट्राच्या कानांत राहिल्या. आणि पाहा, प्रत्यय सुटतांच कोडें उभें राहिलें: ‘ग्रेस’ या नांवानें कविता लिहिणारे माणिक गोडघाटे हे पुरुष, आणि १९९८ पासून २०१८ पर्यंत त्रिपुराचे मुख्यमंत्री असलेले माणिक सरकार हेहि पुरुष. तसेंच ‘सुहास’चें. अभिनेत्री सुहास जोशी आणि कादंबरीकार सुहास शिरवळकर यांचा जन्म अवघ्या एका वर्षाच्या अंतरानें, १९४७ व १९४८ सालीं, झाला. एकाच भाषेंत आणि एकाच काळीं हें नांव पाळण्यांतल्या मुलालाहि चालत होतें आणि मुलीलाहि.

माणिक, कमळ, सुमन या शब्दांची मौज अशी कीं, मराठींत ते नपुंसकलिंगी आहेत. व्याकरणानें त्यांस कोणत्याच बाजूस बांधलेलें नसल्यामुळें ते दोन्ही बाजूंस मोकळे राहिले. मराठींत ‘कमल’ ही कमलेची धाकटी बहीण समजली गेली. कथाकार कमल देसाई यांचें नांव ऐकून कोणाहि मराठी वाचकास शंका येत नाहीं. तमिळ मुलुखांत मात्र कमल हासन. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या ‘शेष प्रश्न’ या कादंबरीची नायिका कमल. आणि तुर्कस्तानांत मुस्तफा कमाल, ज्याचा ‘कमाल’ कमळाचा नसून पूर्णत्वाचा वाचक असा निराळाच अरबी शब्द आहे. ‘शरद्’ हा शब्द तर संस्कृतांत शुद्ध स्त्रीलिंगी. तरी मराठी आईबापांनीं तो ऋतु म्हणून घेतला आणि पुरुषास दिला. व्याकरणाचा नियम येथें पदोपदीं मोडलेला दिसतो.

दुसरें एक कारण सामासिक नांवांच्या शेपट्या तोडण्याचें आहे. शशिकांत आणि शशिकला या दोघांसहि घरांत ‘शशी’ म्हणतात. आणि हें घरगुती नांव चारचौघांत आलें कीं मूळ शेपूट कोणतें होतें याचा पत्ता लागत नाहीं. मूळ शशिन् म्हणजे चंद्र, अर्थात् पुल्लिंगी. परंतु मराठी कानास अंत्य ‘ई’ स्त्रीलिंगी वाटते, म्हणून आपल्याकडे शशी बहुधा बहिणीच्या बाजूस गेली. १९३८ या एकाच वर्षीं कलकत्त्यास अभिनेते शशी कपूर आणि धारवाडास लेखिका शशी देशपांडे जन्मास आल्या, हा योगायोग या दृष्टीनें मोठा बोलका आहे. ‘रजनी’ म्हणजे रात्र. तींत पुरुषत्वाचा लवलेश नाहीं. तरी रजनीकांताचें शेपूट तुटलें कीं रजनी पटेल यांच्यासारखा मुंबईचा नामांकित बॅरिस्टर उभा राहतो, आणि इंग्लंडांत रजनी पाम दत्त यांच्यासारखा साम्यवादी पुढारी.

बंगालमध्यें हा प्रकार अधिक, आणि त्याचें कारण त्या भाषेच्या घडणींत आहे. बंगाली क्रियापदास लिंग नाहीं, सर्वनामासहि नाहीं. ‘तो आला’ आणि ‘ती आली’ यांस तेथें एकच वाक्य. त्यामुळें नांव उच्चारतांना ‘हें स्त्रीलिंगी वाटतें’ अशी टोंचणी बंगाली मनास आपल्याइतकी लागत नाहीं. १९७७ पासून २००० पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री असलेले ज्योति बसू यांचें नांव मराठी मुलीस शोभेल असें आपणांस वाटतें. बंगाली मनुष्यास त्यांत कांहींच विशेष वाटत नाहीं. परंतु आपणहि फार नवल करूं नये. कोल्हापुराजवळच्या डोंगरावरील आपल्या आराध्य दैवताचें नांव जोतिबा; त्याच्याच नांवावरून जोतीराव फुले यांचें नांव ठेवलें गेलें. ‘जोती’ला ‘बा’ आणि ‘राव’ होते तोंवर ती पुरुष होती. ते सुटले तेव्हां ती ‘ज्योती’ होऊन मुलींच्या वर्गांत जाऊन बसली.

मराठी भाषेचें या बाबतींत एक सामर्थ्य आहे. आपल्या क्रियापदांत लिंग असल्यानें ‘किरण आला’ कीं ‘किरण आली’ हें पहिल्याच वाक्यांत उघड होतें. बोलण्यांत म्हणूनच संदिग्ध नांवांचा त्रास आपणांस होत नाहीं. अडचण उत्पन्न होते ती यादींत. कारण यादींत क्रियापद नसतें. हजेरीपट, निकालपत्रक, रेल्वेचें आरक्षण, गृहनिर्माण संस्थेच्या जिन्याखालची पाटी, या सर्व क्रियापदावांचून बोलणाऱ्या वस्तु आहेत. म्हणून यादी करणाऱ्या सरकारानें लिंगाचा एक निराळा रकाना घातला, आणि आपल्या समाजानें लग्नपत्रिकेपुरता जुना प्रत्यय नव्या रूपानें पुढें आणला: वर ‘चि.’, वधू ‘चि. सौ. कां.’. किरणचें लग्न किरणशींच ठरलें तरी पत्रिका वाचणारा गोंधळत नाहीं.

पंजाबांतील शीखांनीं हीच युक्ति धर्माच्या पायावर उभी केली. त्यांच्यांत मूळ नांव मुलामुलींस समान, आणि पुढें पुरुषास ‘सिंग’ व स्त्रीस ‘कौर’. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविणाऱ्या हॉकी संघाचे कर्णधार हरमनप्रीत सिंग. आणि २०२५ च्या नोव्हेंबरांत नवी मुंबईच्या मैदानावर महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या क्रिकेट संघाच्या कर्णधार हरमनप्रीत कौर. उमाजी-उमाबाईंची जी रीत आपण सोडून दिली, ती तेथें अशी जिवंत आहे. आणि तिचा हेतु मूळचा जातिवाचक नांवें पुसून टाकण्याचा होता, ही गोष्ट आपल्या प्रत्ययांच्या इतिहासाशीं ताडून पाहण्यासारखी आहे.

युरोपचा अनुभवहि निराळा नाहीं. ‘आंद्रेआ’ हें नांव ‘पुरुष’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघालें. इटलींत तें आंद्रेआ पॅलादिओसारख्या शिल्पज्ञाचें, तर आल्प्स ओलांडून जर्मनींत गेलें कीं मुलीचें. लिंगाविषयीं इतका आग्रह धरणाऱ्या त्याच जर्मनींत ‘मारिया’ हें मातेचें पवित्र नांव पुरुषाचें दुसरें नांव म्हणून बिनतक्रार चालतें. संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर आणि कादंबरीकार एरिख मारिया रेमार्क हीं त्याचीं उदाहरणें. इंग्लंडांत १९२८ सालीं कादंबरीकार एव्हलिन वॉ यांनीं एव्हलिन गार्डनर या तरुणीशीं विवाह केला, तेव्हां मित्रमंडळी त्यांस ‘तो-एव्हलिन’ आणि ‘ती-एव्हलिन’ म्हणूं लागली. शार्लट ब्राँटेच्या ‘शर्ली’ (१८४९) या कादंबरींत आईबापांना मुलगा हवा होता म्हणून मुलीस तें पुरुषी नांव दिलें आहे. त्या पुस्तकानंतर नांवच मुलींचें झालें, आणि मुलांस तें देणें जवळजवळ बंद पडलें.

शर्लीची ही हकीकत नीट न्याहाळली पाहिजे. मुलाचें नांव मुलीस देतात. पण तें एकदां मुलीचें झालें कीं मुलास देण्यास आईबाप कचरतात. वाट एकाच दिशेची आहे. महाराष्ट्रांतहि कमल, सुमन हीं नांवें मुलींचीं ठरल्यावर मुलांच्या पाळण्यांतून तीं जवळजवळ उठलीं. मुलीस मुलाचें नांव देणें हा तिचा बहुमान आणि मुलास मुलीचें नांव देणें ही त्याची मानहानि, अशी समजूत याच्या मुळाशीं आहे. आपल्या जुन्या चालीरीतींत याचा स्पष्ट पुरावा सांपडतो. ज्या घरीं मुलगे जगत नसत, तेथें नवीन झालेल्या मुलाचें नाक टोंचून त्यास नथ घालीत आणि नथू म्हणत. मृत्यूची नजर मुलगीवर पडत नाहीं, कारण मुलगीचें मोल त्यालाहि नाहीं, असा तो हिशेब होता. मुलाला वांचविण्यासाठीं मुलीचें सोंग दिलें जाई. मुलीला वांचविण्यासाठीं मात्र कोणीं कांहीं सोंग दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

याचेंच दुसरें टोंक म्हणजे ‘नकोशी’. मुलगा हवा असतां पुन्हां मुलगीच झाली म्हणून तिला नकोशी किंवा नकुसा म्हणण्याची चाल कांहीं भागांत होती. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं अशा दोनशेंहून अधिक मुलींचा पुनर्नामकरणाचा समारंभ झाला आणि त्यांना नवीं नांवें मिळालीं. आतां जर्मनीच्या त्या नोंदणी-अधिकाऱ्याची कसोटी येथें लावून पाहा. ‘नकोशी’ हें नांव लिंगाच्या दृष्टीनें निर्दोष आहे. अंत्य ‘ई’ आहे, विशेषण स्त्रीलिंगी आहे, मूल मुलगी आहे याविषयीं कोणासहि शंका उरत नाहीं. आणि तरी त्या मुलीस शाळेंत रोज हजेरी देतांना काय वाटलें असेल, याची कल्पना करण्यास फार मोठी कल्पनाशक्ति लागत नाहीं. उलट ‘किरण’ या नांवावरून कांहींच कळत नाहीं. पण त्या नांवानें हाक मारलेल्या एकाहि मुलामुलीस मान खालीं घालावी लागलेली नाहीं.

म्हणून जर्मन न्यायालयाचा निकाल मला केवळ कायद्याचा वाटत नाहीं, शहाणपणाचा वाटतो. नांव लिंग सांगतें कीं नाहीं हा प्रश्न रकान्याचा आहे, आणि रकाना स्वतःची व्यवस्था पाहून घेईल. आईबापांनीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: हें नांव आपलें मूल आयुष्यभर आनंदानें उच्चारील काय? मुलीस पुरुषी नांव देतांना तिचा गौरव करण्याचा हेतु असेल, तर मुलास स्त्रीचें नांव देतांना आपली जीभ कां अडखळते, हेंहि एकदां स्वतःस विचारून पाहावें.

महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नांवापुढें आधीं आईचें, मग वडिलांचें नांव आणि शेवटीं आडनांव लिहिलें जातें. पूर्वीं नांवापुढें एकटा बाप उभा असे. आतां त्याच्या आधीं आईहि आली. उद्यांच्या पटावरच्या किरणला स्वतःचें लिंग नांवांतून सांगतां आलें नाहीं तरी चालेल. तें कोणत्या माउलीचें लेंकरूं आहे, एवढें तरी त्या ओळींत लिहिलेलें असेल.